न विझवलेली चूल

उद्देश

नव्या घरासाठी भरवशाची चूल शोधणे.

वाक्य इथे संपायला हवं. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी चार वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. उद्देश एका ओळीत बसला नाही तर पोरांना जर्नल परत लिहायला लावायचे. पण ह्या उद्देशाला शेपूट होतं. चूल मिळाली तर माझी सासू ह्या दिवाळीनंतर घरी राहणार होती. नाही मिळाली तर दरवर्षीसारखी मेंढरांमागं चालत जाणार होती, दुखऱ्या गुडघ्यानं.

सासूबाईंचं नाव तानुबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. वय नक्की माहीत नाही. "भात्तरच्या दुष्काळात मी कोकरं राखायची," एवढाच पुरावा.

आधीचं थोडं (जर्नलमध्ये असा मथळा नसतो)

दिवाळी झाली की आमची मेंढरं कडेगावच्या माळावरून पश्चिमेला निघतात. इस्लामपूर, कृष्णाकाठ, वर कऱ्हाडपर्यंत. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. दोन रात्री ह्या रानात, तीन त्या. आत्ती लग्न झाल्यापासून चालत होत्या, म्हणजे पंचेचाळीस वर्षं तरी. आणि इतकी वर्षं त्यांची चूल म्हणजे तीन दगड. ज्या रानात जाल तिथले.

गेल्या साली इस्लामपूरच्या पुढं एका ओढ्यात त्यांचा पाय घसरला. सांगलीच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, आता चालणं बंद. माझा नवरा रविराज जेसीबी चालवतो. त्यानं माळावर तीन खोल्यांचं स्लॅबचं घर घातलं. आईला हाताला धरून खोलीखोलीतून फिरवलं.

आत्तींनी भिंतीवर हात ठेवून बघितला, नळ सोडून बघितला. मग म्हणाल्या, "घर लय चांगलं हाय रं. चूल कुटं हाय?"

"गॅस हाय की आई. दोन शेगड्यांचा."

"त्यावर च्या कर तू. भाकर न चुकणारी चूल दावा मला. मग ऱ्हायाचं का जायाचं ते बघू."

साहित्य

बाजरीचं पीठ. बाभळीची फाटी, तुरीच्या काट्या, शेणी म्हणजे गोवऱ्या. स्टॉपवॉच (मोबाइलमधलं). पाणी तापवायला दोन लिटरचं पातेलं. आणि आत्ती.

निरीक्षण शून्य: तीन दगड

तुलना करायची तर आधी मूळ मोजून ठेवावं, म्हणून मी आत्तींना घरामागं दगडांवर भाकरी करायला लावल्या. भाद्रपदातला वारा होता. अंगणातली बादली गडगडत कुंपणापर्यंत गेली होती.

त्यांनी दोन दगड टेकवले. तिसरा हातात धरला. दुसऱ्या हातानं चिमूटभर राख हवेत सोडली, राख कुठं पळते ते बघितलं आणि तिसरा दगड ठेवला. ठेवला, बोटभर सरकवला, सोडला. मग एक काडी ओढली. एकच. तुरीच्या काट्या धरल्या, बाभूळ मागून आली. वारा त्या तीन दगडांना वळसा घालून गेला.

मी स्टॉपवॉच धरून बसले होते. पाणी अकरा मिनिटांत उकळलं. पण आकडा लिहून घेताना लक्षात आलं की मी भलतंच मोजते आहे. तवा उतरवून आत्ती भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी करत होत्या, दगडाला टेकून. भाकरी एका कडेनं फुगत यायची आणि पूर्ण फुगायच्या आधी त्यांचा हात तिला फिरवायचा. त्या भाकरीकडं बघतही नव्हत्या. माझ्याकडं बघून बोलत होत्या.

"तिसरा दगूड वाऱ्याचा आसतो. दोन आपलं."

हे वाक्य कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही. मी समासात लिहिलं.

निरीक्षण एक: विश्रामबाग

दुकान चकाचक. लोखंडी, धूर न होणारी चूल. खाली छोटा पंखा, पंख्याला चार्जर. विकणारा पोरगा, इंद्रजित, टाय लावून होता आणि चुलीच्या बाजूनं मनापासून बोलत होता. दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं वीतभर लांबीचे वाळलेले तुकडे घातले, बटण दाबलं. ज्योत निळी झाली. पाणी सहा मिनिटांत उकळलं.

आत्ती उकिडव्या बसल्या. चुलीच्या भोवती हात फिरवला. "धूर कुटं गेला रं?"

"आतच जळतो, आजी."

"आगं बाई!" त्यांना खरंच आवडली होती. मला म्हणाल्या, "डोकं लय चालवलंय कुनीतरी." मग इंद्रजितला, "आन फाटा लांब आसला तर?"

"तुकडे करून घ्यायचे."

"म्हंजी सैपाकाला कोयता घिऊन बसायचं. आन चार्जिंग सरल्यावर?"

"पॉवर बँक मिळते, आजी."

"ती सरल्यावर?"

इंद्रजित हसला. हार मानणाऱ्यातला नव्हता. म्हणाला, तुम्ही स्वतः भाकरी करून बघा. पिशवीत पीठ होतंच. भाकरी तव्यावर छान भाजली. मग आत्ती ती हातात घेऊन चुलीभोवती फिरल्या. इकडून, तिकडून. निखारे आत, डब्याच्या पोटात. बाहेर नुसतं पत्र्याचं कडं. भाकरी उभी करायला जागाच नव्हती.

"पोरा, ही चूल पाण्याची हाय. भाकरीची न्हाई. पर पाण्याची म्हनशील तर एक लंबर."

दुकानात आलेल्या तीन बायका तोवर आमच्याभोवती उभ्या होत्या. आत्तींनी केलेली भाकरी त्यांनी वाटून खाल्ली. आम्ही निघताना इंद्रजित म्हणाला, "आजी, डेमोला येत जावा की आमच्याकडं. गाडी पाठवतो."

"मेंढरं बी घिऊन यीऊ का?"

निरीक्षण दोन: कडेगावचा बाजार

सिमेंटची तयार चूल. आत्तींनी बोटाच्या पेरानं वाजवली, मडकं वाजवतात तशी.

"तापल्यावर टवकं उडवंल ही."

पुढं काही नाही. आम्ही भजी खाऊन घरी आलो.

निरीक्षण तीन: इस्लामपूर

भामाबाई कुंभारीण. अंगणात चुली ओळीनं वाळत घातलेल्या, तोंडं उन्हाकडं. मी आत्तींची ओळख करून दिली. कुठल्या, काय, मेंढरं कुठं बसवता.

भामाबाईंचा मातीचा हात थांबला. "आवं, म्हंजी त्या तुमीच व्हय! आमच्या दिराच्या रानात बसायची तुमची मेंढरं. उसाला लागून."

"कोन, आप्पासो?"

"आप्पासोच. दरसाली तुमी गेल्यावर ते जाऊन तळ बघायचे. सगळीकडं उसाचं वाळल्यालं पाचट पसरल्यालं, एक इंगळ ऱ्हायला तर आख्खा फड जायाचा. तुमच्या चुलीच्या राखंत कोपरापतुर हात घालायचे ते. आन घरी यिऊन सांगायचे, गार. देवाशप्पत, पान्यावानी गार. बाकीच्यांच्या तळावर बादली घिऊन जायाचे. तुमच्या तळावर रिकाम्या हातानं."

आत्ती लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदा बघितलं. "दुसऱ्याचं रान आसतंय," एवढंच म्हणाल्या.

आमच्या घरात हे कोणी सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं, दर दोन-तीन दिवसांनी एक चूल मांडायची आणि निघताना तिच्यावर तांब्या ओतायचा, दगड उलथे करायचे, राख चाळवून पुन्हा ओतायचा. चार-पाच हजार चुली झाल्या असतील. कुणाचं पानही जळालं नाही.

मग दोघी चुली बघत बसल्या आणि मी स्टॉपवॉच पिशवीत टाकलं. भामाबाई तोंडाची रुंदी विचारत होत्या, आत्ती हाताच्या वितीनं दाखवत होत्या. वैल हवा, म्हणजे कालवण गरम राहायला बाजूचं भोक. समोर बोटभर पुढं आलेला कट्टा, भाकरी टेकायला. भामाबाईंनी तिसऱ्या ओळीतली एक उचलली. आत्तींनी तिच्या तोंडात हात घातला, आतून वळवला आणि मान हलवली.

"हीच."

भामाबाई म्हणाल्या, "एकच ध्यानात ठिवा. तापल्याली आसताना पानी लागू दिऊ नका. तडकंल."

"ठावं हाय की," आत्ती म्हणाल्या.

दक्षता

जर्नलमध्ये हा मथळा निरीक्षणांच्या आधी येतो. मी तो इथे लिहिते आहे, कारण आमच्या बाबतीत तो उशिरा आला.

दसऱ्याला गृहप्रवेश केला. नवी चूल स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, गवंड्यानं बांधून दिलेल्या ओट्यावर. आत्तींनी हळदकुंकू वाहिलं आणि तेवीस भाकऱ्या केल्या. एकही करपली नाही, एकही फुगायची राहिली नाही. रविराजचे मित्र पंगतीत ओरडून मागत होते. सासरे, नानासो, मी त्यांना मामा म्हणते, माळावरून मेंढरं पुतण्याच्या हवाली करून आले होते. त्यांनी पाच खाल्ल्या आणि म्हणाले, "घरात बसून खाल्ली तर भाकर जरा जडच जाती गड्या."

"मग बाहीर बसा," आत्ती म्हणाल्या. सगळे हसले.

जेवणं झाली. मामांनी पटका बांधला, काठी घेतली आणि दारात उभं राहून, जसं ते नेहमी म्हणतात तसं, मोठ्यानं म्हणाले, "चला, निघायचं!"

आत्तींच्या हाताशी तांब्या होता.

चर्रर्र.

वाफेचा लोट वर गेला. वाफ विरली तेव्हा चुलीच्या तोंडापासून वैलापर्यंत एक चीर पडलेली होती. आत्तींचा हात तांब्यासकट तसाच होता. दुसरा हात दगड उलथा करायला पुढं गेला होता आणि तिथं दगड नव्हता.

मामा बोलले, उगीच. "आगं, मी मला निघायचं म्हनलं."

आत्ती हाताकडं बघत होत्या. "मनाला ठावं हाय वं घर हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "हाताला ठावं न्हाई."

मग उठून घरामागं गेल्या, त्या तीन दगडांपाशी. मी मागोमाग गेले.

"चूल चांगली हुती प्रांजल. तू लय हिंडलीस. पर मी जाते ह्यांच्यासंगट. हितं रोज एक चूल फोडून ठिवीन मी."

"आत्ती, गुडघा..."

"गुडघा हितं बी दुकतोय."

दिवाळी एकवीस दिवसांवर होती.

व्हॉइस मेसेज, एक मिनिट चार सेकंद, भामाबाईंकडून (मी फुटल्याचं कळवल्यावर)

"प्रांजल ताई, फुटली म्हनून काय रडतीस. मातीच ती. ऐक. तुकडं टाकू नगंस. एकदा भाजल्याली माती लय गुनाची आसती. बारीक कुट, चाळ, आन नव्या मातीत घाल, मग दुसरी चूल तडकत न्हाई सहजासहजी. मी तर मुद्दाम फुटक्या चुली मागून आनते. आन सासूला म्हनावं, तुमीच करा. तूच म्हनलीस न्हवं, पाच हजार चुली मांडल्यात त्यांनी, एक लिपायला काय जातंय? माती ओढ्याकाठची आना, रानातली नगं. काय आडलं तर फोन करा. आवं ए, ते मडकं उनातनं काढ आधी..."

मी हा मेसेज आत्तींसमोर मुद्दाम मोठ्या आवाजात लावला आणि भांडी घासत बसले.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "परत लाव गं ते."

तिसऱ्यांदा लावल्यावर म्हणाल्या, "फुटक्या चुली मागून आनती. बघ म्हंजी बाई."

कृती

तीन दिवस आत्तींनी माती हातात घेतली नाही. त्या नुसत्या राख उडवत होत्या. सकाळी, दुपारी, दिवस मावळताना. स्वयंपाकघरात, खिडकी उघडून, खिडकी लावून. आग्नेय कोपऱ्यात राख वर जायची आणि भिंतीवर आपटून तोंडावर यायची. दसऱ्याला आम्ही सगळे डोळे पुसत जेवलो होतो ते मला आठवलं. तेव्हा वाटलं होतं आनंदानं.

राहिलेलं काम बघायला गवंडी भाऊसो आला होता. "आत्या, चूल आग्नेयलाच पायजे. शास्त्र हाय तसं."

"तुज्या शास्तरानं धूर कुटं जातोय ते सांगितलंय का?"

"धुराचं न्हाई लिवलेलं त्यात."

"मग ज्यानं लिवलं त्यानं सैपाक केला नसंल."

मागच्या दाराबाहेर पत्र्याची पडवी होती, सायकल ठेवायची. तिथं आत्तींनी राख सोडली. राख सरळ वर गेली आणि पत्र्याखालून बाहेर. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी जोराचा वारा, तरी तसंच. त्यांनी सायकल उचलून बाजूला ठेवली. शोध संपला. मी चार वर्षं प्रयोगशाळेत होते, पण इतक्या स्वस्तात इतका खरा प्रयोग मी बघितला नव्हता.

मग माती. ओढ्याकाठची, दोन पाट्या. फुटकी चूल कुटून चाळलेली. वाळल्या लेंड्या चुरून. आणि शेवटी आत्तींनी पोत्यातून लोकरीची कातरण काढली, काळी, तेलकट, बोटाएवढ्या लांबीची, आणि मातीत तुडवायला लागल्या.

"आत्ती, हे भामाबाईंनी सांगितलं नव्हतं."

"तिच्याकडं मेंढरं न्हाईत."

गुडघा दुखत होता म्हणून भिंतीला धरून तुडवत होत्या. मी पण तुडवली. लोकर मातीला आतून धरून ठेवते हे पायाला कळतं. गोळा तुटता तुटत नाही.

आकृती

(काढता आली नाही. तीन बाजूंनी वीतभर जाडी. आतल्या बाजूला, मातीच्या खाली, काहीही दगड पुरलेले नाहीत. मी विचारलं होतं. "दगूड कशाला? त्येंचं काम येगळं," आत्ती म्हणाल्या. घरामागचे तीन दगड अजून तिथेच आहेत, त्यांच्यावर आम्ही अंघोळीचं पाणी तापवतो.)

एक गोष्ट मात्र काढण्यासारखी होती. चुलीची डावी बाजू आत्तींनी सरळ न घेता किंचित बाहेर वळवली. बोटभर सरकवली, थांबल्या, हात सोडला. तीच हालचाल. वाऱ्याचा दगड.

निरीक्षण चार

सावलीत चौदा दिवस वाळली. पेटवल्यावर पहिल्या दिवशी लोकर जळल्याचा असा वास सुटला की रविराज म्हणाला, "आई, भाकरी करतीस का मेंढरू भाजतीस?" दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी नाही.

पाणी: दहा मिनिटं. लोखंडी चुलीपेक्षा चार मिनिटं जास्त. दगडांपेक्षा एक कमी.

धूर: पत्र्याखालून बाहेर.

भाकरी: मी मोजणं सोडून दिलं होतं.

पाणी ओतण्याचं: रोज जेवण झालं की आत्तींचा हात तांब्याकडं जायचा. मी तांब्या आधीच उचलून ठेवायचे. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो. जाणार की राहणार हेही त्यांनी सांगितलं नव्हतं. घोंगडं आणि पिठाची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती.

निरीक्षण पाच

भाऊबीज झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं निघाली. पुतण्या मल्हार आणि त्याची बायको राणी पुढं गेले होते. घोडं अंगणात उभं होतं, बिऱ्हाड लादलेलं. मामांनी न्याहरी केली, पटका बांधला, काठी घेतली. मी आत परात ठेवायला गेले होते. तांब्या उचलायचा राहून गेला.

"चला, निघायचं!"

मी धावत पडवीत आले.

आत्तींच्या हातात तांब्या होता, भरलेला, चुलीच्या तोंडावर धरलेला. निखारे लाल. मामा अंगणात उभे राहून बघत होते, हाक मारून चूक झाली हे त्यांना कळलं होतं. मी काही बोलायला गेले, पण आत्तींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या चुलीच्या डाव्या बाजूकडं बघत होत्या, त्या वळणाकडं.

मग त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. घटाघटा. शेवटचा घोट संपेपर्यंत. तांब्या पालथा ठेवला.

"जावा तुमी," मामांना म्हणाल्या. "आन राणीला म्हनावं, पाचटाजवळ चूल मांडू नगं."

मामा घोडं घेऊन निघाले. वळणावर त्यांनी एकदा मागं बघितलं. घोड्यावर आत्तींच्या घोंगड्याची जागा रिकामी होती, तिथं एक कोकरू बसलेलं.

आत्ती चुलीपुढं बसल्या. मग मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, कोणी ऐकू नये तसं.

"प्रांजल, उद्यासाठी इस्तू कसा ठिवत्यात गं?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. ज्या बाईला वारा राखेत वाचता येत होता, तिनं आयुष्यात कधी दुसऱ्या दिवसासाठी विस्तव राखला नव्हता. दुसऱ्याच्या रानात रात्री विस्तव ठेवून चालायचंच नाही. कुणी तिला शिकवलं नव्हतं.

माझ्या आजीचं मला आठवत होतं. निखारे मागं ओढायचे. मध्ये एक जाड शेणी ठेवायची, आडवी. वरून राख, गळ्यापर्यंत पांघरूण घालावं तशी. दाबायची नाही.

आत्तींनी दोन वेळा माझा हात धरून थांबवलं आणि परत करायला लावलं. मग स्वतः केलं.

निष्कर्ष

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. मामा पहिला तळ उठवत होते. मी फोन स्पीकरवर ठेवून पडवीत टेकवला.

"इजवलं का?" आत्तींनी आधी हेच विचारलं.

"इजवतोय की."

"राणी न्हाई, तुमी इजवा. आन राखंत हात घाला."

"आगं, म्हातारपनी भाजून घिऊ व्हय?"

"घाला म्हनते न्हवं."

फोनमधून पाण्याचा चर्र आवाज आला. मग दगड उलथल्याचा. मग नुसती मेंढरं, कुत्रं, कुणीतरी शीळ घालतंय. आत्ती कान देऊन बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी काटकीनं आमच्या चुलीतली राख बाजूला केली. खाली शेणी होती, अर्धी राख झालेली, आणि तिच्या पोटात नाण्याएवढा निखारा. त्यांनी तुरीची काटी टेकवली, एकदा फुंकर घातली. काटी पेटली.

"गार," मामा फोनवर म्हणाले. "कोपरापतुर गार. आन तुजं?"

आत्तींनी बाभळीचा फाटा पुढं सरकवला.

"माजं हाय," त्या म्हणाल्या. "भाकरी टाकते आता. ठिवा."